माता नी पछेडी: हिरडा, लोखंड आणि तुरटीने कापडावर देवी कशी रंगवावी

माता नी पछेडी म्हणजे कापडावरचे देऊळ. देवळात प्रवेश नाकारला गेला तेव्हा गुजरातेतल्या देवीपूजक समाजाने मातेचे ठाण कापडावर मांडले. अहमदाबादची चितारा घराणी पिढ्यान्‌पिढ्या ते रंगवत आली आहेत. त्यातल्या भानुभाई चितारा यांना 2023 साली पद्मश्री मिळाली. रंग मुख्यतः दोनच, काळा आणि लाल, पांढरा कापडाचा. म्हणूनच घरच्या गच्चीवर एक छोटी पछेडी जमू शकते.

एक मीटर मांजरपाट (साधारण 150 ग्रॅम) घ्या. धुण्याच्या सोड्यात उकळून त्याची सगळी खळ काढा. खळ राहिली की रंग वरवर बसतो आणि पहिल्याच धुण्यात जातो.

काळ्याची तयारी आधी. गंजलेले खिळे अर्धा किलो, गूळ 150 ग्रॅम, पाणी दोन लिटर. मडक्यात घालून तोंडाला फडके बांधा. घट्ट झाकण नको, आत वायू धरतो. रोज ढवळा. फेस येतो, आंबूस वास सुटतो. पंधरा दिवस ते तीन आठवडे लागतात, उन्हाळ्यात लवकर होते. मग गाळून त्यात चिंचोक्याचे पीठ शिजवा आणि कलमेतून (टोकदार बांबूच्या काडीतून) सरळ रेघ उतरेल इतके दाट करा.

हिरडा. तीस ग्रॅम हिरड्याची पूड दीड लिटर पाण्यात कालवून कापड रात्रभर बुडवा, पिळा आणि उन्हात ताणून वाळवा. विसळू नका. कापड पिवळट दिसेल. लोखंडाचे पाणी लागताच हिरड्यातला तुरटपणा त्याला धरतो आणि बघता बघता रेघ काळी होते. हा क्षण पाहण्यासारखा असतो.

रेखाटन. बांबूची काडी टोकदार करा. मधोमध देवी येते आणि ती वाहनावरून ओळखू येते: मेलडीचा काळा बोकड, बहुचरेचा कोंबडा, खोडियारची मगर, विसतचा रेडा. भोवती भक्त, प्राणी, झाडे, वर सूर्यचंद्र. आपली कुलदेवता काढायलाही हरकत नाही, पण आधी या देवींची रचना नीट बघून घ्या. ती शोभेची नक्षी नव्हे, कुणाचे तरी देवघर आहे. काळे वाळले की कापड वाहत्या पाण्यात धुवा. जास्तीचे लोखंड राहिले तर पुढे कापड तिथेच विरते.

लाल. सगळी कसोटी इथे आहे, कारण इथे लाल रंग लावायचाच नसतो; तुरटी लावायची, आणि पुढे रंगाच्या पाण्यात तिथेच लाल चढते. एक लिटर पाण्यात शंभर ग्रॅम तुरटी विरघळवा, चिंचोक्याच्या पिठाने दाट करा आणि जिथे लाल हवे तिथे भरा. तुरटी दिसत नाही, म्हणून चिमूटभर गेरू घाला. मग तीन दिवस कापडाला हात लावू नका. तुरटीला धाग्यात मुरायला वेळ लागतो. घाई केली तर लाल फिके आणि डागाळलेले येते.

नंतर पुन्हा भरपूर पाण्यात धुवा. चितारा यासाठी साबरमतीच्या वाहत्या पाण्यात उतरत, ते उगाच नव्हे. सुटलेली तुरटी साचलेल्या पाण्यात फिरली की पांढऱ्या जागी बसते आणि तिथेही लाल चढते. घरी मोठ्या टबात कापड पसरून हलवत राहा, पाणी चार-पाचदा बदला, घडी पडू देऊ नका.

रंगाचे पाणी. पुष्कळ ठिकाणी आता कारखान्यातले अलिझरीन (लाल रंगद्रव्य) वापरतात. वनस्पतीचाच रंग हवा तर 75 ग्रॅम मंजिष्ठाची (लाल रंग देणाऱ्या मुळीची) पूड रात्रभर भिजवा, त्यात मूठभर धायटीची फुले घाला. भांडे तांब्याचे किंवा स्टीलचे. लोखंडी कढईत लाल काळवंडते. कापड ओले करून त्या पाण्यात बुडवा, आच हळूहळू वाढवा, तासभर ढवळत राहा. मंजिष्ठाला खळखळून उकळी नको, लाल तपकिरीकडे झुकते. तुरटीच्या जागा लाल होत जातात आणि काळी रेघ आणखी गडद होते.

बाहेर काढल्यावर पांढरा भाग गुलाबी दिसेल. घाबरू नका. कापड धुऊन उन्हात पसरा, सुकत आले की पाणी शिंपडा. काही दिवसांत पांढरे खुलते. पुढे कधी धुवायची वेळ आलीच तर रिठ्याच्या पाण्यात धुवा आणि सावलीत वाळवा.