दगडी (कासेचा दाह): सुई टोचण्याआधी दुधाचा नमुना घ्या

सरकी ढेपीचं घमेलं पुढे आलं की गाय पान्हावते आणि घाईत पहिली धार थेट बादलीत जाते. आधी प्रत्येक सडाच्या दोन-तीन धारा काळ्या फडक्यावर घ्या. गुठळ्या, पाणचट दूध तिथंच दिसतं.

छुपी दगडी मात्र डोळ्यांना दिसत नाही. अर्धा लिटर पाण्यात 15 ग्रॅम कपड्याची पावडर विरघळवा. प्रत्येक सडाचं दूध वेगळ्या वाटीत घ्या, तेवढंच द्रावण टाका, मिनिटभर गोल फिरवा. मिश्रण शेंबडासारखं झालं तर त्या सडात दाह आहे. चिकावर आणि आटत आलेल्या जनावरावर ही चाचणी फसते.

कोणता जंतू आहे आणि त्याला कोणतं औषध लागू पडेल हे प्रयोगशाळेत तपासण्यासाठीचा नमुना अँटिबायोटिक देण्याआधीच घ्यायचा. हात धुवा, सड कोरडा पुसा, टोक सर्जिकल स्पिरिटच्या बोळ्यानं घासा आणि वाळू द्या. पहिल्या धारा फेका. निर्जंतुक बाटली आडवी धरून 5 ते 10 मिली दूध घ्या. झाकण आतली बाजू खाली करून हातातच धरा, गव्हाणीवर ठेवू नका. शेणाचा एक कण पडला तरी कल्चरमध्ये (जंतू वाढवून पाहण्याच्या तपासणीत) भलतेच जंतू उगवतात आणि खेप वाया जाते. बाटली बर्फात ठेवून त्याच दिवशी पोचवा. नागपूर, अकोल्याला पशुवैद्यकीय संस्था आहेत. जनावर तापानं फणफणलं असेल तर रिपोर्टची वाट पाहू नका: नमुना घ्या, लगेच डॉक्टरांकडून उपचार सुरू करा.

एवढा खटाटोप कशाला? स्टॅफिलोकॉकस ऑरिअस हा दगडीचा जंतू कासेत चिकट थर करून राहतो, पेशींच्या आतही दडतो. त्याच्या काही जाती पेनिसिलीन तोडणारं एन्झाइम बनवतात. शिवाय काही जंतू नुसते झोपून राहतात. बरीच औषधं वाढत्या जंतूंवरच जोर दाखवतात. म्हणून दुसऱ्या दिवशी सूज उतरते, मालक सुई थांबवतो आणि पंधरवड्यात तोच सड पुन्हा दगड होतो. हे झोपलेले जंतू रेझिस्टंट (औषधाला दाद न देणारे) असतीलच असं नाही. म्हणून लगेच महागडं औषध मागू नका, आधी रिपोर्ट पाहा.

सडात औषधाची ट्यूब सोडण्याआधी कास पूर्ण रिकामी करा. नळीचं टोक जेमतेम 3 मिलिमीटर आत घाला. जास्त खुपसलं तर सडाचं तोंड सैल पडतं. आजारी जनावर शेवटी पिळा. धारेनंतर सड 0.5 टक्के आयोडीनमध्ये बुडवा आणि ढेप खरं तर तेव्हाच टाका: अर्धा तास जनावर उभं राहतं, तोवर सडाचं तोंड मिटतं.

औषध चालू असताना आणि लेबलवरची मुदत संपेपर्यंत दूध डेअरीला घालू नका. ते वासराला पाजायची रीत तर सगळ्यात वाईट. तिथं त्याच्या आतड्यातले जंतू औषधाच्या पातळ मात्रेत तगून राहायला शिकतात आणि प्रतिकाराची जनुकं एकमेकांना देतात. तेच शेणातून पुन्हा गोठ्यात येतात. हे दूध खड्ड्यात ओता, वर चुना टाका.