ऑनलाइन चादर-टॉवेल विकताय? रिटर्न आणि क्लेममधल्या या चुका टाळा

सोलापुरात अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत नाहीतर पूर्व भागात कुठल्याही ऑनलाइन सेलरजवळ पाच मिनिटं बसा, रिटर्नचं गाऱ्हाणं निघतंच. ऑर्डर येतात, माल जातो, पण पेमेंट जमा झालं की कळतं अर्धा नफा रिटर्नच्या शिपिंगमध्ये आणि नामंजूर क्लेममध्येच (प्लॅटफॉर्मकडे मागितलेल्या नुकसानभरपाईत) गेलाय, आणि मग सगळा राग कस्टमरवर निघतो. फसवणारे कस्टमर आहेत, भरपूर आहेत. पण नामंजूर झालेले क्लेम एकेक उघडून बघितले ना, तर बऱ्याच ठिकाणी आपला पुरावा तोकडा पडलेला असतो नाहीतर लिस्टिंगमध्येच, म्हणजे साईटवर टाकलेल्या फोटो-माहितीतच घोळ असतो, आणि या दोन्ही गोष्टी आपल्या हातातल्या आहेत.

सगळ्यात महागात पडणारी चूक रिटर्न घेतानाच होते. डिलिव्हरीवाला संध्याकाळी रिटर्नचं पोतं घेऊन येतो, दारातूनच म्हणतो, "मालक, ओटीपी सांगा की लवकर, अजून लई ठिकाणं राहिलेत." आपणही पॅकिंगच्या गडबडीत असतो, ओटीपी सांगून टाकतो आणि पोतं कोपऱ्यात. ओटीपी दिला म्हणजे त्याच्या यादीतली सगळी पार्सलं तुम्हाला मिळाली असं सिस्टिममध्ये नोंद झालं, मग त्यात दोन कमी निघाली तर कुणाला सांगणार? आधी मोजा. मोबाईलवर यादी असेल तर एकेक स्कॅन करून घ्या. फाटलेलं, पुन्हा टेप मारलेलं पार्सल दिसलं तर त्याच्यासमोरच फोटो काढा आणि शेरा लिहायची सोय असेल तर लिहा. तो कुरकुर करेल, करू द्या, दोन-चार दिवसात त्यालाही सवय होते.

मग व्हिडिओ. व्हिडिओ काढतात सगळेच हो, पण कसा काढतात ते बघा. ओळखीतल्या एका टॉवेलवाल्यानं नवीन टॉवेलचा सेट पाठवला होता, परत आला तो वापरलेला, कडा उसवलेला, पांढऱ्याचा पिवळट झालेला टॉवेल. उघड उघड फसवणूक. तरी क्लेम नामंजूर झाला, कारण व्हिडिओ सुरू होतो तेव्हा पार्सल आधीच कापलेलं दिसतं आणि लेबलवरचा एडब्ल्यूबी नंबर (कुरिअरचा ट्रॅकिंग नंबर) कुठंच नीट वाचता येत नाही. बघणाऱ्यानं कशावरून समजायचं की हा टॉवेल याच पार्सलमधनं निघाला? म्हणून व्हिडिओ बंद पार्सलपासून सुरू करायचा, आधी लेबल जवळून, नंबर वाचता येईल इतका वेळ, मग सहाही बाजू आणि टेप, मग कापायचं, वस्तू बाहेर काढून पूर्ण उलगडायची, डाग किंवा धुतल्याच्या खुणा जवळून दाखवायच्या, आतला टॅग दाखवायचा, आणि मधे कुठंही कॅमेरा थांबवायचा नाही. मोबाईल स्टँडवर लावा, टेबलावर लाईट ठेवा. पॅकिंगचाही असाच व्हिडिओ असेल तर दोन्ही शेजारी ठेवून बोलता येतं. फाईलला ऑर्डर नंबरचं नाव द्या, नाहीतर ऐनवेळी गॅलरी खाली-वर करत बसाल आणि तेवढ्यात मुदत संपेल.

मुदतीचं तर वेगळंच. फ्लिपकार्टवर एसपीएफ (सेलर प्रोटेक्शन फंड), अ‍ॅमेझॉनवर सेफ-टी, या सेलरनं नुकसानभरपाई मागायच्या सोयी, प्रत्येकाचा क्लेमचा रस्ता वेगळा आणि दिवसही वेगळे, वर ते अधूनमधून बदलतात. तेव्हा कुणाच्या ग्रुपवरच्या मेसेजवर भरवसा ठेवू नका, सेलर पॅनलमधली पॉलिसी दर महिन्याला स्वतः वाचा. रिटर्न आलं त्याच दिवशी उघडायचं, हा नियम केला की हा प्रश्नच येत नाही. दिवाळीत आणि गड्ड्याच्या (सिद्धेश्वर यात्रेच्या) दिवसात माणसं कमी असतात आणि पोती तशीच पडून राहतात, नुकसान तिथंच होतं.

आरटीओ आणि कस्टमर रिटर्न एकाच ढिगात टाकू नका. आरटीओ म्हणजे रिटर्न टू ओरिजिन, पार्सल कस्टमरनं घेतलंच नाही, ते जसं गेलं तसंच परत यायला पाहिजे. त्यात माल बदललेला किंवा कमी निघाला तर घोळ वाटेत झालाय आणि क्लेममध्ये तसंच लिहायचं. कस्टमरनं फसवलं असं लिहिलं तर क्लेम भलत्याच कॅटेगरीत जातो.

क्लेम लिहिताना राग बाजूला ठेवा. "तुम्ही सेलरला लुटताय, सगळे चोर आहात" असं लिहून कुणालाही पैसे मिळालेले नाहीत. काय पाठवलं, काय परत आलं, फरक व्हिडिओत कितव्या सेकंदाला दिसतो, एवढंच लिहा. पहिल्यांदा नामंजूर झालं की सोडून देतात बरेच जण, तसं नका करू, कारण वाचा, त्या कारणाचं उत्तर जोडा आणि अपील करा. तोच मजकूर तसाच कॉपी करून परत टाकला तर उत्तरही तेच येणार.

आता लिस्टिंगकडे या, कारण कितीतरी भांडणं इथं जन्माला येतात. साठ बाय नव्वद इंचाची सिंगल चादर डबल बेडवर अंथरून फोटो काढला, तेही अशा कोनातनं की पूर्ण पलंग झाकल्यासारखा वाटतो. कस्टमर घरी अंथरतो, बाजू उघड्या राहतात, तो "फोटोसारखं नाही" म्हणून रिटर्न टाकतो. यात त्याचं काय चुकलं? फोटोत चार चादरींची थप्पी आणि पाकिटात एक, हेही तसंच. माप इंच आणि सेंटिमीटर दोन्हीत लिहा, एका नगाचं वजन ग्रॅममध्ये लिहा, नग किती ते पहिल्या फोटोवरच टाका. सोलापुरी चादर जाड सुती असते, ज्यानं आयुष्यभर मऊ ब्लँकेट वापरलंय त्याला ती हाताला खरखरीत लागणार, ते आधीच सांगा. गडद मरून, निळा रंग पहिल्या धुण्यात थोडा उतरतो आणि टेरी टॉवेलचे सुरवातीला धागे निघतात, त्याची मराठी-हिंदी चिठ्ठी पाकिटात टाका, "पहिल्यांदा वेगळं धुवा". चिठ्ठीचा खर्च रिटर्न शिपिंगपुढं काहीच नाही.

आणि जीआयचं, म्हणजे भौगोलिक मानांकनाचं जपून. सोलापुरी चादर आणि टेरी टॉवेल दोन्हींना जीआय आहे, त्याचा आपल्याला अभिमान आहेच, पण जीआयचं नाव-चिन्ह वापरायचा हक्क रजिस्टर्ड ऑथोराईज्ड युजरला असतो. बाहेरनं आणलेला माल "ओरिजिनल सोलापुरी" म्हणून टाकायचा आणि मग रिटर्न आलं की कस्टमरला शिव्या द्यायच्या, हे गावाच्या नावाला बट्टा लावणं आहे.

कस्टमरशी प्लॅटफॉर्मच्या बाहेर सौदा तर अजिबात नको. "रिटर्न टाकू नका दादा, मी दोनशे रुपये जीपे करतो", असं म्हणून पैसे पाठवले आणि त्यानं तिकडं रिटर्नही टाकलं तर रिफंड दोनदा, आणि तुमच्या पेमेंटची प्लॅटफॉर्मकडे नोंदच नाही. खराब रिव्ह्यू काढायला पैसे देणं, मित्रांकडनं पाच स्टार टाकून घेणं, यानं अकाउंट बंद होऊ शकतं.

"नो रिटर्न" लिहिलं की सुटलो असंही समजू नका. ग्राहक संरक्षण ई-कॉमर्स नियम २०२० प्रमाणे माल सदोष असेल, जाहिरातीत सांगितल्यासारखा नसेल किंवा सांगितलेल्या तारखेनंतर पोचला असेल तर सेलरला तो परत घ्यायला नकार देता येत नाही, आणि तक्रारीची पोच ४८ तासात, निपटारा महिन्याभरात करायचा असतो. आपली चूक असेल तर पटकन माल बदलून द्या किंवा रिफंड द्या, कस्टमर १९१५ ला फोन करेपर्यंत ताणू नका.

शेवटी हिशेब, जो बहुतेक जण सीएवर ढकलतात. दर आठवड्याला तीन याद्या जुळवा, पॅनलवर दिसणारी रिटर्न, हातात आलेली रिटर्न आणि पेमेंटमधनं कापलेली रिटर्न. पॅनलवर "डिलिव्हर्ड" आणि गोडाऊनमध्ये पत्ता नाही अशी पार्सलं इथंच सापडतात. टीसीएस, म्हणजे प्लॅटफॉर्म आपल्या पेमेंटमधनं जीएसटीपोटी कापून सरकारकडे भरतो ती रक्कम, परत आलेला माल वजा जाता उरलेल्या विक्रीवर कापला जातो, १० जुलै २०२४ पासून तो अर्धा टक्का आहे, तोही तपासून जीएसटी पोर्टलवरच्या कॅश लेजरमध्ये घ्या. परत आलेल्या मालाची क्रेडिट नोट (विक्री कमी झाल्याची नोंद) जीएसटीत दाखवायची मुदत आर्थिक वर्ष संपल्यानंतरच्या ३० नोव्हेंबरपर्यंत असते, जीएसटीचं वार्षिक विवरणपत्र त्याआधी भरलं तर तिथंच संपते, म्हणून मार्चमध्ये विकलेला आणि एप्रिलमध्ये परत आलेला माल वेगळ्या यादीत लिहून ठेवा.