ऑस्टिओपॅथीच्या संशोधनासाठी अनुदान मागताना आधी शॅम (दिखाऊ उपचार) ठरवा

मी जैवसंख्याशास्त्रज्ञ आहे. अमेरिकेतल्या ऑस्टिओपॅथिक महाविद्यालयांतले डॉक्टर दीर्घकालीन आजारांवरच्या संशोधनासाठी पैसे मागतात, तेव्हा त्यांच्या अर्जातला आराखडा आणि नमुना संख्या (किती रुग्ण घ्यायचे) हे भाग माझ्याकडे येतात. हे डॉक्टर पूर्ण वैद्यकीय शिक्षण घेतलेले असतात आणि शिवाय हातांनी करायचे उपचार, म्हणजे ओएमटी, शिकलेले असतात. रोज रुग्णांना बरं वाटताना ते पाहतात. पण अर्ज तपासणाऱ्याने ते पाहिलेलं नसतं, आणि त्याला पटवायचं काम कागदालाच करावं लागतं.

सुरुवात प्रश्न लहान करण्यापासून करा. ‘दीर्घकालीन आजारांत ओएमटीचा उपयोग’ या विषयाला कुणी पैसे देणार नाही. एक आजार घ्या, एक मोजमाप ठरवा आणि ते कधी घेणार तो आठवडा लिहा. कंबरदुखीवर आधीच बरंच काम झालंय, म्हणून तिथे जायचं असेल तर नवं काय विचारणार हे पहिल्याच परिच्छेदात यायला हवं.

मग पुरावा वाचा, आणि आपल्याला न आवडणाराही वाचा. टेक्सासमधल्या 455 रुग्णांच्या चाचणीत (2013) दीर्घकालीन कंबरदुखी किमान 30 टक्क्यांनी कमी झालेले रुग्ण ओएमटी गटात 63 टक्के होते, तर शॅम म्हणजे दिखाऊ उपचाराच्या गटात 46 टक्के. 2021 मध्ये फ्रान्समधल्या 400 रुग्णांच्या चाचणीत मात्र तीन महिन्यांनी हालचालींच्या मर्यादेत ओएमटी आणि शॅम गटांतला फरक शंभरपैकी जेमतेम 3.4 गुणांचा निघाला, आणि तो रुग्णाला जाणवेल एवढा नसावा असं संशोधकांनीच लिहिलं. सीओपीडी या फुप्फुसांच्या दीर्घकालीन आजारावरचा 2008 चा छोटा अभ्यास तर जरूर वाचा. 35 वयस्कर रुग्ण, एकच सत्र, आणि अर्ध्या तासाने तपासलं तर ओएमटी गटात फुप्फुसांत अडकून राहणारी हवा वाढलेली होती. तरीही बऱ्याच जणांना श्वास हलका झाल्यासारखा वाटला. म्हणजे वाटणं आणि मोजणं वेगवेगळ्या दिशांना गेलं. सीओपीडीवर अर्ज करणाऱ्याने हे लपवलं, तर तपासणाऱ्याला ते ठाऊक असतंच आणि विश्वास तिथेच उडतो. उलट तो अभ्यास समोर ठेवून ‘म्हणून आम्ही अमुक तंत्र वगळलं आणि सुरक्षिततेसाठी अमुक मोजणार’ असं लिहिलं, तर अर्ज भक्कम होतो.

आता शॅम. माझ्या मते अर्ध्याहून जास्त विचार इथे खर्च व्हावा. गोळीच्या चाचणीत साखरेची गोळी देता येते, पण हाताचा खोटा स्पर्श देणं कठीण, कारण हलका स्पर्शसुद्धा काहीतरी करतोच. शिवाय उपचार करणाऱ्याला आपण काय करतोय हे ठाऊक असतं. त्यामुळे चार गोष्टी स्पष्ट लिहा. शॅममध्ये हात कुठे, किती वेळ आणि किती दाबाने ठेवणार. दोन्ही गटांना डॉक्टरांचा वेळ आणि बोलणं सारखं मिळेल याची काळजी कशी घेणार. मोजमाप घेणारी व्यक्ती गटाबाबत अनभिज्ञ कशी राहील. आणि रुग्णाला ‘तुम्हाला कोणता उपचार मिळाला असं वाटतं?’ हे कधी विचारणार. शेवटचा प्रश्न बरेच जण विसरतात. तो नसेल तर रुग्णांना शॅम खरा उपचार वाटला की नाही हे कळायला मार्गच उरत नाही.

खऱ्या उपचाराचंही वर्णन तितकंच नेमकं हवं. ‘रुग्णाच्या गरजेनुसार ओएमटी’ हे दवाखान्यात योग्य आहे, अर्जात पुरेसं नाही. कोणती तंत्रं अनिवार्य, कोणती ऐच्छिक, सत्र किती मिनिटांचं, किती आठवडे, हे लिहा. टायडिअर ही 12 मुद्द्यांची तपासणी यादी यासाठीच आहे.

नमुना संख्या ठरवताना पायलटमधल्या, म्हणजे छोट्या प्राथमिक अभ्यासातल्या, मोठ्या फरकावर भिस्त ठेवू नका, कारण छोट्या अभ्यासातला आकडा फार डळमळीत असतो. रुग्णाला जाणवेल असा किमान फरक किती, तिथून गणित सुरू करा. तो अर्ध्या प्रमाण विचलनाएवढा (रुग्णारुग्णांतल्या चढउताराच्या मापाच्या निम्मा) असेल, तर 80 टक्के सामर्थ्यासाठी, म्हणजे खरा फरक सापडण्याची शक्यता 80 टक्के राहावी म्हणून, प्रत्येक गटात 64 जण लागतात. पाचातला एक गळेल असं धरलं तर 80. फरक 0.3 प्रमाण विचलन इतका लहान असेल, तर गळती न धरताच गटागणिक 175 च्या आसपास. एकेक डॉक्टर एकाच गटाला उपचार देणार असेल तर हा आकडा आणखी वाढतो, कारण एकाच हाताखालचे रुग्ण एकमेकांसारखे वागतात.

पैसे कुठे मागायचे? पहिल्या पायलटसाठी अमेरिकन ऑस्टिओपॅथिक असोसिएशन आणि ऑस्टिओपॅथीशी जोडलेल्या फाउंडेशन बघा. मोठ्या रकमेसाठी एनआयएच, म्हणजे अमेरिकन सरकारची राष्ट्रीय आरोग्य संस्था, आणि त्यातही एनसीसीआयएच ही पूरक व एकात्मिक आरोग्याची संस्था. एनआयएच रिपोर्टर या संकेतस्थळावर मॅचमेकर हे शोधसाधन आहे. त्यात तुमचा गोषवारा चिकटवला की मिळतेजुळते मंजूर प्रकल्प आणि संबंधित प्रोग्राम ऑफिसर दिसतात. त्या ऑफिसरला एक पानाची उद्दिष्टं पाठवून बोलायला वेळ मागा. चाचणीच्या कोणत्या टप्प्यासाठी अनुदानाचा कोणता प्रकार चालतो हे तेच सांगतील. आर21 (लहान, शोधक प्रकल्पांचं अनुदान) मध्ये दोन वर्षांसाठी मिळून थेट खर्च 2,75,000 डॉलरपर्यंत मागता येतो आणि संशोधन आराखड्याला सहा पानं मिळतात, आर01 या मोठ्या अनुदानाला बारा. संस्थेची सॅम नोंदणी (सरकारी अनुदान घेण्यासाठीची) आणि एनआयएचच्या अर्ज प्रणालीतला तुमचा ईआरए कॉमन्स आयडी आधीच करून ठेवा.

अंदाजपत्रकात उपचार करणाऱ्यांचं प्रशिक्षण, शॅमचा सराव आणि स्वतंत्र मोजणीकार यांचे पैसे जरूर धरा.

अर्ज नाकारला गेला तर तपासणाऱ्यांचे शेरे दोन वेगळ्या दिवशी वाचा. एनआयएचकडे तोच अर्ज सुधारून एकदा पाठवता येतो, 37 महिन्यांच्या आत, सोबत एक पानाचं उत्तर जोडून. त्या पानावर प्रत्येक मोठ्या आक्षेपापुढे काय बदललं आणि ते कोणत्या भागात आहे एवढंच लिहा. शॅमवरचा आक्षेप असेल तर तो सगळ्यात आधी घ्या.