शिराझची मिरी नाकाला कळते, जिभेला नाही

मुंबईतल्या एका रेस्तराँमध्ये वाइन स्टुअर्डच्या, म्हणजे पाहुण्यांना वाइन सुचवून वाढणाऱ्याच्या, जागेसाठी मुलाखत होती. लेबल झाकलेल्या बाटलीतून त्यांनी मला एक रेड ओतून दिली. मी ग्लास फिरवला, वास घेतला, घोट घेतला आणि ठामपणे सांगितलं, "शिराझ नाही सर. मऊ आहे, फळ छान आहे, पण मसाला नाही."

ती नाशिकचीच शिराझ होती. शिराझ म्हणजे काळ्या द्राक्षाची एक जात आणि तिची रेड वाइन, मिरीसारख्या मसालेदार वासासाठी ओळखली जाणारी. निफाडकडच्या द्राक्षबागांत मी लहानाची मोठी झाले, आणि आमच्याच मातीतली वाइन मला ओळखता आली नाही. नोकरी हुकली. अजून आठवलं की पोटात कालवतं. म्हणून या क्षेत्रात नव्याने येणाऱ्यांना बाकी काही नाही, एवढी एक गोष्ट नीट सांगायची आहे.

चूक त्या खोलीत झाली नव्हती, आधीच्या वर्षभरात झाली होती. मी एप्रिलमध्ये घरी सराव सुरू केला. रेड वाइन रूम टेम्परेचरला प्यायची, हे वाचलेलं. पण तो नियम युरोपातल्या थंड घरांचा. आमच्या खोलीत पारा ३४-३५ वर. तेवढ्या गरम वाइनमधून आधी अल्कोहोल उसळतं. ग्लासात नाक घातलं की झणका बसायचा, घशात जळजळायचं, आणि मी वहीत लिहायचे: 'मसालेदार'. पानंच्या पानं तेच. मी मसाला शिकत नव्हते, दारूचा भपकारा पाठ करत होते. मुलाखतीत वाइन १६ अंशांवर आली, भपकारा नव्हता, म्हणून माझ्या लेखी मसालाही नव्हता.

मधल्या काळात डब्ल्यूएसईटी या वाइन शिकवणाऱ्या संस्थेची लेव्हल २ पास झाले होते, त्यामुळे आपल्याला येतंय असं वाटत होतं. पण त्या परीक्षेत ५० बहुपर्यायी प्रश्न असतात, ग्लास समोर येतच नाही. लेव्हल ३ ला दोन वाइन लेबल न बघता चाखून लिहाव्या लागतात. पहिल्या प्रमाणपत्रावर जिभेचा भरवसा धरू नका.

मुलाखत घेणाऱ्या सरांनी उठण्याआधी मला एक गोष्ट करायला लावली. "नाक चिमटीत धर आणि एक घोट घे." घेतला. थोडं आंबट, थोडं तुरट, बस. "आता गिळ आणि नाक सोड." सोडलं, आणि टाळूच्या मागून ताज्या कुटलेल्या काळ्या मिरीचा वास वर आला, त्यामागे जांभूळ. इतका स्पष्ट, की डोळ्यांत पाणी आलं.

मराठीत मसालेदार म्हटलं की तिखट आलंच, आणि आपण फसतो ते इथेच. मिरी तिखट लागते ती पायपरिनमुळे, आणि ते वाइनमध्ये नसतं. शिराझमध्ये असतं रोटंडोन. मिरीचा वास देणारा हा पदार्थ द्राक्षाच्या सालीत तयार होतो. ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी २००८ मध्ये तो दाखवून दिला. जळजळ मात्र अल्कोहोलची. मिरचीच्या तिखटाला तोंडातला जो संवेदक जागा होतो, तोच अल्कोहोललाही. म्हणून नाक बंद असतानाही जे झोंबतं तो मसाला नाही. नाक सोडल्यावर जे येतं, तो मसाला.

लवंग, दालचिनी, व्हॅनिला हे वास बहुतेक ओकच्या पिंपातून येतात, म्हणून सराव पिंपात मुरवलेल्या महागड्या रिझर्व्ह बाटलीवर करू नका. साधी, तरुण, सहज पिता येणारी शिराझ घ्या, जिचा तुरटपणा बिनदुधाच्या चहापेक्षा कमी असतो. तिच्यात मिरी उघडी सापडते. बाटली बर्फाच्या पाण्यात पंधरा मिनिटं ठेवा आणि ग्लासात थर्मामीटर बुडवून बघा. १६ ते १८ अंश हवेत. थर्मामीटर नसेल तर विकत घ्या. फ्लेवरची यादी दाखवणारी ॲप्स मात्र मोबाइलमधून काढून टाका. आधी यादी वाचली की नाक आज्ञाधारकपणे तेच शोधतं. तुम्ही वास घ्यायच्या आधीच "यात मिरी आहे बघ" असं सांगणारे गुरूही मला याच कारणाने पटत नाहीत. ते सर गप्प राहिले, म्हणून मला कळलं.

एवढं करूनही मिरी लागलीच नाही, तर घाबरू नका. त्याच ऑस्ट्रेलियन अभ्यासात चाखणाऱ्यांपैकी सुमारे २० टक्के लोकांना रोटंडोनचा वास भरपूर प्रमाणातही आला नव्हता. हा नाकाचा जन्मजात घाट आहे, मेहनतीची कमतरता नव्हे. माझ्यासोबत शिकलेल्या एकीला मिरी येत नाही. ती शिराझ रंग, फळ आणि तुरटपणावरून ओळखते आणि आज टेस्टिंग रूम सांभाळते.

आणि जमलं तर सराव डिसेंबरात सुरू करा. तेव्हा नाशिकच्या घरात रात्री कपाटातली बाटलीसुद्धा हाताला गार लागते.