करारात 'पॅनल' लिहिताय? मग या चुका टाळा

मी गोव्यातल्या फोंड्यात एका वकिलांच्या ऑफिसात बरीच वर्षं करारांचे मसुदे तयार करते. लोक दर, तारखा, डिपॉझिट यावर दोन-दोन तास घासाघीस करतात आणि शेवटी वादाचा क्लॉज आला की म्हणतात, तें मागीर पळोवया (ते नंतर बघू), घाला काहीतरी. मग घातलं जातं ते ठरलेलं वाक्य, "वाद झाल्यास तीन जणांचं पॅनल निर्णय देईल व तो दोघांवर बंधनकारक राहील." सह्या होतात, पेढे वाटले जातात. दोन-तीन वर्षांनी खरंच बिनसतं तेव्हा कळतं की पॅनल कुणी नेमायचं, त्यांनी ठरवायचं काय, एक जण आलाच नाही तर पुढे काय, यातलं काहीच कागदावर नाही. आणि हे सगळं आता बसून ठरवायचं कुणी, तर एकमेकांचं तोंड बघायला तयार नसलेल्या त्याच दोघांनी.

शब्द एक, अर्थ तीन

एका गेस्ट हाऊसवाल्या काकांचा सोलरचा करार माझ्याकडे आला होता, आमच्या ऑफिसात केलेला नव्हे, कुठूनतरी डाऊनलोड करून नावं बदललेला. कलम ४ मध्ये पॅनल म्हणजे छतावरच्या सोलरच्या प्लेटा, कलम ९ मध्ये पॅनल म्हणजे मीटरजवळचा इलेक्ट्रिकचा बोर्ड, आणि कलम १४ मध्ये लिहिलेलं, "पॅनलचा खर्च दोन्ही पक्षांनी निम्मा-निम्मा करावा." हे चौदावं कलम वाद मिटवणाऱ्या तज्ज्ञांच्या फीबद्दल होतं, पुढचं-मागचं वाचलं की समजतं, पण पावसाळ्यात चार प्लेटा तडकल्या आणि कंपनीने बिल पाठवलं त्यावर पेनाने लिहिलं होतं, "पॅनलचा खर्च, कलम १४ प्रमाणे ५० टक्के". काका ते बिल हातात धरून समोर बसले होते आणि मला म्हणाले, बाय, हें कसलें गो? मला खरंच वाईट वाटलं, कारण सुरुवातीला व्याख्येच्या दोन ओळी असत्या तर हे बिल निघालंच नसतं.

म्हणून पहिली गोष्ट, 'पॅनल' शब्द सुटा वापरूच नका. प्लेटांना 'सोलर मॉड्यूल' म्हणा, माणसांना 'तज्ज्ञ समिती' किंवा 'लवाद मंडळ' म्हणा (लवाद म्हणजे कोर्टाबाहेर वादाचा निवाडा द्यायला नेमलेला माणूस), आणि व्याख्येच्या कलमात एकदा लिहा की या करारात या शब्दाचा अर्थ हाच, मग शेवटपर्यंत तोच शब्द वापरा, मध्येच 'कमिटी', मध्येच 'मंडळ' असं करू नका. आपल्या गोव्यात आणखी एक घोळ होतो तो 'पंच' या शब्दाचा. मराठीत लवादाला पंच म्हणायची जुनी पद्धत आहे, पण आपल्याकडे पंच म्हटलं की पंचायतीचा वॉर्डातला निवडून आलेला मेंबर डोळ्यांसमोर येतो. "पंचांचा निर्णय मान्य" असं लिहिलेला जमिनीच्या वाटेचा एक कागद मी पाहिलाय, त्यात एक पक्ष म्हणायचा आम्ही नेमू ते पंच, दुसरा म्हणायचा पंचायतीचे पंच. दोघांचंही खोटं नव्हतं.

समिती नुसती मत देणार की न्याय करणार?

ही चूक सगळ्यात महाग पडते आणि सगळ्यात कमी लोकांना माहीत असते. पॅनल दोन वेगवेगळ्या कामांसाठी असू शकतं. एक, तज्ज्ञ म्हणून, म्हणजे काम पाहून, मोजून सांगायचं की गळती कॉन्ट्रॅक्टरमुळे आहे की जुन्या भिंतीमुळे, मालाची किंमत किती. दुसरं, लवाद म्हणून, म्हणजे दोघांचं म्हणणं आणि पुरावा ऐकून निवाडा द्यायचा, जो कोर्टाच्या हुकूमनाम्यासारखा अंमलात आणता येतो. लवादाला १९९६ चा लवाद आणि सलोखा कायदा लागू होतो, तज्ज्ञाच्या मताला तो लागू होत नाही. के. के. मोदी विरुद्ध के. एन. मोदी या १९९८ च्या निकालात सुप्रीम कोर्टाने हाच फरक उलगडून सांगितला, त्यात करारात "निर्णय अंतिम व बंधनकारक" असे शब्द असूनही कोर्टाने तो लवाद मानला नाही. तेव्हा 'अंतिम' लिहिलं म्हणजे काम झालं असं समजू नका.

तशीच दुसरी गफलत 'शकतील' या शब्दाची. "पक्षांना वाटल्यास वाद लवादाकडे नेऊ शकतील" असं लिहिलं तर तो लवादाचा करारच होत नाही, पुढे कधीतरी नव्याने संमती देऊ एवढाच त्याचा अर्थ. जगदीश चंदर विरुद्ध रमेश चंदर, २००७, यात कोर्टाने हे स्पष्ट सांगितलंय. सरळ लिहा, "वाद लवाद मंडळाकडे सोपवला जाईल." शकतील, वाटल्यास, शक्यतो हे शब्द पाहुण्यांना जेवायला बोलावताना ठीक आहेत, इथे नकोत.

किती जण, आणि नेमायचे कुणी

कायद्याचं कलम १० म्हणतं की लवादांची संख्या तुम्ही ठरवा पण सम नको, आणि काहीच ठरवलं नाही तर एकच लवाद. तरी "दोघांनी एकेक नेमावा" असं लिहून दोनवर थांबलेले करार अजून येतात. आता दोन लिहिलं म्हणजे लगेच सगळं रद्द असं नाही, सुप्रीम कोर्टाने २००२ मध्ये सांगितलंय की वेळेत हरकत घेतली नाही तर दोघांनी मिळून दिलेला निवाडाही टिकू शकतो, पण दोघांचं जमलं नाही तर? काजूच्या धंद्यातल्या दोन भागीदारांचं असंच झालं, एकाने आपला मेव्हणा सुचवला, दुसऱ्याने जुना मित्र, आणि ते दोघे बसले ते भांडायलाच बसले. तीन लिहा, किंवा रक्कम लहान असेल तर सरळ एक लिहा, खर्चही वाचतो. तीन असतील तर दोघांनी एकेक आणि त्या दोघांनी मिळून अध्यक्ष, हे स्वच्छ लिहा. समोरच्याने मागणी मिळाल्यापासून ३० दिवसांत आपला माणूस नेमला नाही तर कलम ११ खाली हायकोर्टात जाता येतं, आपल्यासाठी ते पर्वरीला.

नाव घालून नेमणूक करणं हा आणखी एक मोह. गावातले अमुक मास्तर, सगळ्यांना मान्य, घाला त्यांचं नाव. करार दहा वर्षांचा आणि मास्तर त्या दिवशी सत्तर पार केलेले. माणूस गेल्यावर दुसरा पक्ष म्हणतो, आमचा विश्वास फक्त त्यांच्यावर होता, दुसरा नको. नावाऐवजी पात्रता लिहा (दहा वर्षांचा अनुभव असलेला सिव्हिल इंजिनिअर, सीए, निवृत्त न्यायाधीश, जे हवं ते), आणि नाव घालायचंच असेल तर पुढे जोडा की ते उपलब्ध नसल्यास बदली माणूस याच पद्धतीने नेमला जाईल.

आपलाच माणूस खुर्चीत

मोठ्या कंपन्यांच्या छापील करारात अजून सापडतं, "कंपनीचे मॅनेजिंग डायरेक्टर किंवा ते नेमतील ती व्यक्ती एकमेव लवाद राहील." छोटा कॉन्ट्रॅक्टर काम मिळाल्याच्या आनंदात सही करतो. २०१५ च्या दुरुस्तीने कलम १२(५) आणि सातवं परिशिष्ट आलं, त्यानुसार एखाद्या पक्षाचा नोकर, सल्लागार किंवा धंद्याचे संबंध असलेला माणूस लवाद होऊच शकत नाही, आणि पर्किन्स ईस्टमन प्रकरणात २०१९ मध्ये कोर्टाने सांगितलं की ज्याला निकालात रस आहे त्याला एकमेव लवाद नेमताही येत नाही. नोव्हेंबर २०२४ मध्ये पाच न्यायाधीशांच्या घटनापीठाने त्याही पुढे जाऊन सांगितलं की सरकारी कंपनीने आपली यादी पुढे करून यातूनच निवडा अशी सक्ती समोरच्यावर करता येत नाही, कारण दोन्ही पक्षांना बरोबरीची संधी मिळायला हवी. असा संबंधातला माणूस लवाद नको ही हरकत सोडून द्यायची असेल तर ती वाद उभा राहिल्यानंतरच आणि लेखी, स्पष्ट शब्दांत सोडता येते, आधीच करारात "आम्ही हरकत घेणार नाही" असं लिहून घेतलं तर ते चालत नाही. हे दोन्हीकडून लक्षात ठेवा, म्हणजे आपल्या सीएला पॅनलवर बसवून आपण सुरक्षित झालो असंही समजू नका, वर्षभर चालवलेला लवाद एका अर्जावर कोसळतो.

कोरम आणि रिकामी खुर्ची

हे मला आमच्या गावच्या भजन स्पर्धेत शिकायला मिळालं. प्रायोजकाबरोबर करार होता, तीन परीक्षक, "परीक्षकांचा निर्णय अंतिम". फायनलच्या दिवशी एका परीक्षकांना ताप भरला. दोघांनी गुण दिले आणि दोन पथकं अगदी बरोबरीत आली. रात्री साडेअकराला देवळाच्या मंडपात पेटी-तबले गुंडाळून दोन्ही पथकं उभी आणि आम्ही करार उलटून पाहतोय, त्यात ना कोरम (निर्णयाला किमान किती जण हजर हवेत ते), ना बरोबरी सोडवायचा नियम. दोघांना बक्षीस विभागून दिलं तर प्रायोजक पहिल्याच क्रमांकाचे पैसे द्यायला तयार होईना. स्पर्धेचं पॅनल हे कायद्यातलं लवाद मंडळ नाही, म्हणून तिथे तर नियम सगळे तुम्हालाच लिहावे लागतात: किमान किती हजर, निर्णय बहुमताने की एकमताने, बरोबरी झाल्यास अध्यक्षाचं मत निर्णायक का, परीक्षकाचा शिष्य गात असेल तर त्याने बाजूला व्हायचं का.

लवादात कायदा थोडा सांभाळून घेतो, वेगळं काही ठरलं नसेल तर बहुमत चालतं (कलम २९), कुणी मध्येच सोडलं तर मूळ पद्धतीनेच दुसरा येतो (कलम १५) आणि आधीचे आदेश फक्त माणूस बदलला म्हणून रद्द होत नाहीत.

वेळ, फी, जागा

वेळेबद्दल थोडक्यात: दोन्हीकडची निवेदनं नेमणुकीपासून सहा महिन्यांत पूर्ण व्हायला हवीत, त्यानंतर बारा महिन्यांत निवाडा, दोघांच्या संमतीने आणखी सहा महिने, पुढे कोर्टाची परवानगी. फी आधी लिहून ठरवा. लवाद स्वतःची फी एकतर्फी ठरवू शकत नाहीत असं सुप्रीम कोर्टाने २०२२ मध्ये ओएनजीसी-ॲफकॉन्स प्रकरणात सांगितलंय, पण करारात काही लिहिलंच नसेल तर पहिल्याच बैठकीत अवघडल्यासारखं होतं.

जागेकडे मात्र डोळे उघडे ठेवून बघा. "लवादाचे स्थान दिल्ली" या तीन शब्दांचा अर्थ नुसती बैठक दिल्लीला एवढाच नाही, निवाड्याविरुद्ध जायचं तरी दिल्लीच्याच कोर्टात. कळंगुटच्या शॅकवाल्याला किंवा वाळपईच्या काजूवाल्याला ते झेपणारं आहे का? २०१९ पासून तर कोर्टाचा कल असा की नुसतं 'बैठकीचं ठिकाण' लिहिलं आणि उलट काही दिसत नसेल तर तेच कायदेशीर स्थान धरलं जाऊ शकतं. म्हणून "लवादाचे स्थान पणजी, गोवा" असं लिहा, बैठका सोयीने ऑनलाईन घेता येतील असं वेगळं लिहा.

पॅनलवर घेतलं म्हणजे काम मिळालं नव्हे

हॉटेलं, इव्हेंटवाले, हॉस्पिटलं केटररना, टॅक्सीवाल्यांना, लॅबना 'पॅनलवर घेतात'. त्या यादीत नाव आलं म्हणून कुणी तीन नवीन गाड्या कर्जाने घेतल्या तर ते कर्ज त्याचंच, कारण बहुतेक करारात किमान कामाची हमी नसते. सही करण्याआधी विचारा: किमान किती ऑर्डर, काम वाटायचं ते पाळीने की मर्जीने, यादीतून काढायचं तर नोटीस किती दिवसांची.

सही झालीच असेल तर

घाबरू नका, वाद व्हायच्या आधी कधीही पुरवणी करार करता येतो, एक-दोन पानं पुरतात. मूळ कराराची तारीख, कुठलं कलम बदललं, नवं कलम पूर्ण शब्दांत, दोघांच्या सह्या. स्टॅम्प विसरू नका. स्टॅम्प नसला म्हणून लवादाचा करार रद्दबातल होत नाही असं डिसेंबर २०२३ मध्ये सात न्यायाधीशांनी सांगितलंय, पण ती उणीव भरून काढावी लागतेच आणि त्यात वेळ जातो. त्याच बैठकीत नोटिशीचा पत्ताही बघून घ्या. समोरच्याला मागणी मिळाली त्या तारखेपासून लवाद सुरू झाला असं धरतात, आणि कित्येक करारात अजून पाच वर्षांपूर्वी सोडलेल्या भाड्याच्या जागेचा पत्ता आणि "फक्त रजिस्टर्ड पोस्टाने" असं असतं. टपाल खात्याने २०२५ मध्ये रजिस्टर्ड पोस्ट स्पीड पोस्टात विलीन केलंय, तेव्हा ती ओळ बदला, स्पीड पोस्ट आणि ईमेल दोन्ही घाला. त्या सोलरवाल्या काकांनी शेवटी हेच केलं, कंपनीही तयार झाली, दीड पानाची पुरवणी, त्यात पहिलीच ओळ, "सोलर मॉड्यूल म्हणजे छतावर बसवलेल्या प्लेटा", आणि कलम १४ मध्ये पॅनल खोडून 'तज्ज्ञ समिती'. तडकलेल्या चार प्लेटांचे पैसे वॉरंटीतून सुटले.