अर्ध्या खोप्याचं पुस्तक: वर्गासाठी पुस्तकं मुलांकडून कशी करून घ्यायची

पहिल्या वर्षी मी एकटीनंच बसून वर्गासाठी सहा पुस्तकं केली. टपोरं अक्षर, रंगीत चित्रं आणि 'झाडे आपले मित्र आहेत' छापाची वाक्यं. जूनमध्ये दोरीवर अडकवली ती दिवाळीपर्यंत तशीच लटकत राहिली. पालींना मात्र मागं लपायला बरी जागा झाली.

आमची शाळा द्विशिक्षकी, अकोले तालुक्यातली. पहिली-दुसरी माझ्याकडे. पुढच्या श्रावणात हजेरी चालू असताना एक पोरगी म्हणाली, "बाई, आमच्या हिरीवर सुगरणीनं अर्धंच घर बांधून सोडलंय." खरं पुस्तक तिथं सुरू झालं.

तेव्हा पहिलं काम म्हणजे असं वाक्य पकडणं. मी वहीच्या मागच्या पानावर तारीख टाकून ते पोराच्या तोंडचं जसंच्या तसं लिहून ठेवते. "चला, निसर्गावर पुस्तक करू या" म्हटलं की संपलं, सगळी निबंधासारखी बोलायला लागतात.

मग बघायला जायचं. विहिरीला कठडा आहे का, हे आदल्या दिवशी मीच जाऊन पाहिलं. तीन दिवस रोज पंधरा मिनिटं, लांबून, गप्प बसून. पिवळ्या डोक्याचा पक्षी भाताच्या पातीची लांब चिरफळी चोचीत धरून आणायचा नि ओवायचा. विणणारा नर असतो. नाव बाईचं, काम बाप्याचं! खोपा अर्धा झाला की मादी येऊन पाहते. पटला तर तो पुढं खाली लोंबणारी नळी विणतो, नाही तर खोपा तसाच राहतो. हे मी वर्गात सांगणार तेवढ्यात मागच्या बसकरपट्टीवरून आवाज आला, "तिला पसंत नाय पडलं, बाई." तेच वाक्य पुस्तकात गेलं. माझी माहिती मागच्या कव्हराच्या आत, बारीक अक्षरात.

चार ए-फोर कागद मधून दुमडले की सोळा पानं होतात. पहिल्यावर नाव, शेवटची दोन कोरी. एका पानावर एकच वाक्य, फार तर दोन. आणि वाक्य पानाच्या टोकाशी अडकलं पाहिजे. "ती आली, तिनं आत डोकं घातलं आणि…" इथं पान उलटायचं. कुठं तोडायचं ते मुलांनाच विचारा, त्यांना बरोबर कळतं. एवढ्या थोड्या मजकुरात गोष्ट कशी बसते हे पाहायचं असेल तर 'प्रथम बुक्स' या प्रकाशनाच्या 'स्टोरीवीवर' वेबसाइटवर मराठी पुस्तकं फुकट मिळतात, चार-पाच वाचून घ्या.

शिवताना स्टेपलर नको. पिना पावसाळ्यात गंजतात आणि कागद तिथूनच फाटतो. दाभणानं दुमडीवर तीन भोकं पाडा (हे मोठ्यांनी करायचं) आणि गोधडीचा जाड दोरा घ्या. सुई आतून मधल्या भोकातून बाहेर, वरच्यातून आत, मधलं सोडून खालच्यातून बाहेर, पुन्हा मधल्यातून आत. दोऱ्याची दोन टोकं आतल्या लांब टाक्याच्या दोन्ही बाजूंना घेऊन गाठ मारा. कव्हराला साडीच्या खोक्याचा पुठ्ठा झकास. चिकटवायला मैद्याची खळ, पण लागेल तेवढीच, ताजी. बाइंडर टिकण्यासाठी खळीत मोरचूद घालतात. ते विषारी असतं आणि आमची पोरं खळीची बोटं चाटतात.

आजीच्या गोष्टीची तऱ्हा वेगळी. आजीला शाळेतच बोलवायचं, मोबाइलवर रेकॉर्ड करायचं आणि मध्ये बोलायचं नाही. ती 'व्हतं' म्हणाली तर 'व्हतं'च लिहायचं. एका बैठकीत मला विचारलं, मग शुद्धलेखनाचं काय? माझी वाटणी अशी आहे: चिऊ-काऊचं बोलणं आजीचं, त्याला हात लावायचा नाही. मधलं निवेदन मुलांचं, ते मी तपासते.

रोजच्या व्यवहाराची पुस्तकं सगळ्यात सोपी. एकानं घरातलं जुनं चिपटं-मापटं आणलं. तांदूळ भरून मोजलं: दोन चिपट्यांचं मापटं, दोन मापट्यांचा शेर, चार शेरांची पायली. दर पानावर एक माप आणि त्यात काय मोजतात त्याचं चित्र. तांदूळ सांडले, झाडून घेण्यात गणिताचा तास गेला, पण पाढा न घोकता सोळा चिपट्यांची पायली सगळ्यांना आली.

पुस्तक झालं की मुलांच्या हाताला येईल अशा उंचीवर ठेवा, कपाटात नको. फाटेल. फाटलं की सेलोटेप न लावता पातळ कागदाची पट्टी खळीनं चिकटवा.

शेवटची दोन पानं कोरी ठेवायला सांगितली, ती पुढच्या वर्षासाठी. खोप्याच्या पुस्तकात यंदा पहिलीतल्या एकानं पेन्सिलीनं लिहिलंय, 'खोपे चार. अर्दे दोन.' 'अर्दे' मी तसंच ठेवलंय.