जुन्या कॅमॅरोचे नट-बोल्ट शोधताना या चुका टाळा

जनरल मोटर्सच्या शेव्रोलेने बनवलेल्या १९६९च्या कॅमॅरो या गाडीचं इंजिन, गिअरबॉक्स, रंग यांची माहिती पैशाला पासरी मिळते. नट-बोल्ट, स्क्रू, क्लिपा, क्लॅम्प यांच्याकडे मात्र गाडी पुन्हा जोडायला घेईपर्यंत कुणी ढुंकून बघत नाही. तोपर्यंत जुने बोल्ट भंगारात गेलेले असतात आणि त्यांच्या जागी दुकानातले चकचकीत पिवळे बोल्ट बसलेले असतात. लाखभर रुपयांच्या रंगकामाची शोभा त्या एका ओळीने जाते. पण मुद्दा फक्त शोभेचा नाही. त्या काळच्या कित्येक बोल्टांचा आकार विशिष्ट कामासाठी ठरवलेला होता. तो बदलला की गाडी कुरकुरायला लागते, आणि मालक भलत्याच ठिकाणी दोष शोधत बसतो.

हे सगळं मी १९६९च्या कॅमॅरोच्या आधाराने सांगतोय. या वर्षाच्या २,४३,०८५ गाड्या बनल्या, ओहायोतल्या नॉरवुडला आणि लॉस एंजेलिसमधल्या व्हॅन नाइसला. त्यामुळे अभ्यास भरपूर झालाय आणि सुटे भागही अजून हाती लागतात.

जुना बोल्ट फेकणं

सगळ्यात महाग चूक ही, आणि ती पहिल्याच आठवड्यात होते. गाडी खोलायचा उत्साह असतो, बोल्ट गंजलेले असतात, एका बादलीत सगळे पडतात. बादली भरली की कुणाला वाटतं, हे काय कामाचं, नवीन संच मागवू.

तो गंजका बोल्ट हा तुमच्याकडचा सगळ्यात भरवशाचा पुरावा आहे. त्याची लांबी, टोकाचा आकार, वॉशर सुटा की डोक्यालाच अडकवलेला, डोक्यावरची खूण, हे सगळं कुठल्याही कॅटलॉगपेक्षा खरं. डोक्याखालची बाजू तर जरूर बघा. तिथे वॉशरने झाकलेल्या कड्यात मूळ मुलामा बहुतेक वेळा शाबूत असतो: राखाडी फॉस्फेट, काळसर तेलकट फॉस्फेट, चंदेरी जस्त किंवा कॅडमियम. वरून सगळं तपकिरी दिसत असलं तरी त्या कड्यात १९६९ साल बसलेलं असतं. कड्याचा फोटो काढा, मगच बोल्ट स्वच्छ करायला घ्या.

खोलताना प्रत्येक जागेची वेगळी पिशवी, पिशवीवर जागेचं नाव, आणि बोल्ट काढण्याआधीचा फोटो. पाण्याच्या पंपासारख्या जागी एकाच भागाला वेगवेगळ्या लांबीचे बोल्ट लागतात. तिथे जाड पुठ्ठ्यावर त्या भागाचा आकार काढून त्याच भोकांत बोल्ट खोचून ठेवा. कारखान्याच्या जोडणीची पुस्तिका पुनर्मुद्रित मिळते. तिच्यात जोडणीच्या आकृत्या आणि बोल्टांचे भाग-क्रमांक आहेत. ती घ्याच, पण आकृतीत आणि तुमच्या गाडीतून निघालेल्या अस्पर्श बोल्टात फरक दिसला तर माझं मत बोल्टाच्या बाजूने.

डोक्यावरच्या खुणा न वाचणं

बोल्टाच्या डोक्यावर दोन गोष्टी असतात. मध्यापासून बाहेर जाणाऱ्या रेघा ताकद सांगतात: तीन रेघा म्हणजे ग्रेड ५, सहा रेघा म्हणजे ग्रेड ८, रेघ नसेल तर बहुतेक ग्रेड २. ग्रेड ५ची ताण-क्षमता चौरस इंचाला १,२०,००० पौंड, ग्रेड ८ची १,५०,०००. अक्षरं असतील तर ती बनवणाऱ्याची. ‘टीआर’ म्हणजे टाउन रॉबिन्सन, ‘आरबीडब्ल्यू’ म्हणजे रसेल, बर्डसॉल अँड वॉर्ड. जनरल मोटर्सच्या त्या काळच्या गाड्यांत ‘टीआर’ इतका दिसतो की त्या खुणेच्या नव्या प्रतिकृती विकल्या जातात.

इथे दोन चुका होतात. पहिली म्हणजे ‘जास्त मजबूत ते चांगलं’ म्हणून सगळीकडे ग्रेड ८ लावणं. कारखान्याने दिलेल्या टॉर्कवर (पिळण्याच्या जोरावर) घट्ट केला तर ग्रेड ८ काही ग्रेड ५पेक्षा जास्त दाब देत नाही. त्याचा फायदा घ्यायचा तर टॉर्क वाढवावा लागतो, आणि मग ओतीव लोखंडातले आटे जातात. शिवाय तीन रेघांच्या जागी सहा रेघा जाणकाराला चार हातांवरून दिसतात.

दुसरी चूक उलट्या दिशेची आहे, आणि ती जास्त काळजी घेणाऱ्या लोकांकडून होते: गाडीभर एकाच खुणेचे बोल्ट. कारखाना एकाच पुरवठादाराकडून माल घेत नव्हता. अस्पर्श गाडीत दोन शेजारच्या बोल्टांवर वेगळी अक्षरं सापडतात, काही डोकी कोरीही असतात. सगळीकडे ‘टीआर’ दिसलं की समजायचं, संच विकत आणलाय.

मिलिमीटरच्या सवयीने इंचाला हात घालणं

मिशिगनमध्ये वाहन उद्योगात काम करणारी आपली माणसं अशी गाडी घेतात तेव्हा हात मिलिमीटरच्या पान्यांना सरावलेला असतो. ही गाडी पूर्ण इंचात आहे. आपल्याकडचे जुने मिस्त्री अजून सुतात बोलतात, एक सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग. त्या हिशोबात कॅमॅरोत मुख्यतः अडीच सुती (५/१६), तीन सुती (३/८) आणि साडेतीन सुती (७/१६) बोल्ट भेटतात.

अडीच सुती बोल्टाचा व्यास ७.९४ मिलिमीटर, म्हणजे ८ मिलिमीटरच्या बोल्टाला जवळजवळ जुळणारा, आणि घात तिथेच होतो. अडीच सुतीला इंचात १८ आटे, म्हणजे दोन आट्यांत १.४१ मिलिमीटर. आठच्या नेहमीच्या बोल्टात हेच अंतर १.२५. बोल्ट दोन-तीन फेरे गोडीने जातो, मग अडतो. तिथे पाना लावून जोर केला की भोकातले आटे गेलेच. नवा बोल्ट हाताने शेवटपर्यंत जात नसेल तर थांबा. कचरा अडत असेल तर योग्य मापाचा टॅप (आटे पाडायचं हत्यार) फिरवून भोक साफ करा. त्या बोल्टाचं डोकं अर्ध्या इंचाचं, १२.७ मिलिमीटर. १३चा पाना बसतो, पण ढिला बसतो, आणि गंजलेल्या बोल्टाचे कोपरे गोल करून टाकतो.

चमक चुकीची

काळ्या रंगाचा स्प्रे ही सर्रास चूक. मूळ बोल्ट काळा दिसायचा तो फॉस्फेटमुळे. तो पोत मंद, किंचित दाणेदार, तेल मुरलेला. स्प्रेचा थर पान्याच्या पहिल्या वळणाला कोपऱ्यांवरून निघतो, आणि डोक्याखाली राहिलेला रंग दबत गेला की बोल्ट ढिला पडतो. घरी फॉस्फेट करणं अवघड नाही. मँगनीजच्या द्रावणाने गडद छटा येते, जस्ताच्या द्रावणाने फिकट राखाडी. लोखंड मात्र पूर्ण उघडं, बिनतेलाचं हवं. द्रावण उकळीच्या थोडं खाली ठेवायचं आणि काढल्या-काढल्या तेलात बुडवायचं.

कुठला बोल्ट गाडीच्या रंगाचा आणि कुठला नाही, हे गाडी कोणत्या क्रमाने जोडली जायची त्यावर ठरतं. कॅमॅरोचा मुख्य सांगाडा दारांसकट फिशर बॉडीत, म्हणजे जनरल मोटर्सच्या सांगाडे बनवणाऱ्या विभागात, रंगवला जायचा, म्हणून दाराच्या बिजागऱ्या आणि त्यांचे बोल्ट गाडीच्या रंगात. पुढचे फेंडर वेगळे रंगवून मग बोल्टने बसवले जायचे, म्हणून ते बोल्ट काळे फॉस्फेटचे. बॉनेटच्या बिजागऱ्याही रंगाशिवाय, राखाडी फॉस्फेटमध्ये. हा क्रम एकदा डोक्यात बसला की पाठांतर लागत नाही. प्रत्येक बोल्टापाशी एवढंच विचारायचं की रंग मारताना हा जागेवर होता का? मूळ फेंडरच्या बोल्टांना टोकाशी निमुळता भाग असायचा, म्हणजे कारखान्याच्या धावत्या जोडणी-ओळीवर भोकं नीट जुळली नसली तरी बोल्ट आपली वाट शोधायचा. सपाट टोकाचा बोल्ट तिथे बसवताना किती छळतो, हे बसवणाऱ्यालाच कळतं.

मुलाम्याच्या बाबतीत दोन धोके आहेत. जुना चंदेरी किंवा सोनेरी मुलामा कॅडमियमचा असू शकतो. तो विषारी आहे. तो तापवू नका, त्यावर वेल्डिंग करू नका, फिरत्या वायर ब्रशने त्याची धूळ उडवू नका. दुसरा धोका हायड्रोजनचा. गंज काढायच्या आम्लात आणि मुलाम्याच्या टाकीत हायड्रोजन कडक पोलादात शिरतो, आणि घट्ट केलेला बोल्ट काही तासांनी किंवा दिवसांनी आपोआप तडकतो. बोल्ट जितका कडक तितका धोका मोठा. मुलामा देणाऱ्याला आधीच सांगा की उच्च ताकदीचे बोल्ट आणि स्प्रिंगा वेगळ्या ठेवायच्या आणि मुलामा झाल्यावर लगेच साधारण १९०-२०० अंश सेल्सिअसवर काही तास भाजायच्या. त्याला यातलं काही माहीत नसेल तर माल परत घेऊन या.

तारखा न जुळवणं

बोल्टांवर तारीख नसते, पण रेडिएटरच्या पाइपांवरचे टॉवर क्लॅम्प बघा. शिकागोच्या विटेकने बनवलेल्या त्या क्लॅम्पांच्या पट्टीवर कित्येकदा तिमाही आणि वर्ष ठोकलेलं असतं. सांगाड्याच्या पत्र्याच्या बिल्ल्यावर ‘०३सी’ असेल तर गाडी मार्चच्या तिसऱ्या आठवड्यातली. इंजिनाच्या ओतीव भागांवर महिन्याचं अक्षर, तारीख आणि वर्षाचा शेवटचा अंक असतो, म्हणून ‘सी १४ ९’ म्हणजे १४ मार्च १९६९. भाग नेहमी गाडीच्या आधीचा हवा, आणि फार आधीचाही नको. मार्चच्या गाडीवर त्याच वर्षाच्या शेवटच्या तिमाहीचा क्लॅम्प परीक्षकाला लगेच खटकतो. शिकागोजवळ रोझमाँटला दर नोव्हेंबरात भरणाऱ्या मसल कार अँड कॉर्व्हेट नॅशनल्स या जुन्या गाड्यांच्या प्रदर्शनात या गोष्टी टॉर्च लावून बघतात.

चुकीच्या ठिकाणी शोधणं

तयार संच ही शेवटची पायरी असावी, पहिली नाही. आधी स्वतःचे बोल्ट, मग त्याच काळातल्या त्याच घराण्यातल्या गाड्यांचे. १९६८ ते १९७४च्या शेव्रोले नोव्हाची पुढची सबफ्रेम (इंजिन आणि पुढची चाकं पेलणारी चौकट) कॅमॅरोशी मिळतीजुळती आहे. चार दारांच्या नोव्हाला कुणी विचारत नाही, आणि तिच्या बोल्टांच्या डोक्यांवर तीच अक्षरं असतात. भंगारवाल्याकडून अशा गाडीचा पुढचा भाग बोल्टांसकट उचलणं हा माझ्या मते सगळ्यात शहाणपणाचा सौदा. पेनसिल्व्हेनियात हर्शीला ऑक्टोबरात आणि कार्लाइलला जुन्या गाड्यांच्या सुट्या भागांच्या जत्रा भरतात, तिथे डबेच्या डबे जुने बोल्ट वजनावर मिळतात. जाताना नमुन्याचा बोल्ट, व्हर्नियर आणि आटे मोजायची पट्टी खिशात ठेवा.

‘न वापरलेला जुना माल’ म्हणून विकलेल्या खोक्यांबद्दल सावध राहा. १९८०च्या दशकात अमेरिकेत ग्रेड ८च्या खुणेचे नकली बोल्ट मोठ्या प्रमाणावर आले. ते हलक्या बोरॉन पोलादाचे होते आणि उष्णतेत त्यांची ताकद घटत होती. १९९०चा फास्टनर क्वालिटी अ‍ॅक्ट त्यातून आला. म्हणून स्टिअरिंग, ब्रेक, सस्पेन्शन आणि सीट बेल्ट इथे मूळ, तडा नसलेला बोल्ट किंवा खात्रीच्या उत्पादकाचा नवा, एवढेच दोन पर्याय. सीट बेल्टला साडेतीन सुती, इंचाला २० आट्यांचा बोल्ट लागतो. तिथे खूण बरोबर की चूक हा विचार माझ्या लेखी दुय्यम आहे.

बोल्ट बदलला आणि गाडी बिघडली

*स्टार्टर किंचाळतो.* स्टार्टरचे मूळ बोल्ट तीन सुती, आणि त्यांच्या दांड्यावर खरखरीत दातेरी पट्टा असतो. तो पट्टा स्टार्टरला ब्लॉकच्या भोकात नेमका धरून ठेवतो. साध्या बोल्टात थोडी सैल जागा राहते, मोटर सरकते आणि दात दातांवर घासतात. लोक पातळ पट्ट्या घालत बसतात, तर कधी नवा स्टार्टरच आणतात. आधी बोल्ट बघा. क्लचच्या प्रेशर प्लेटचंही तेच: तिथे खांद्याचे खास बोल्ट असतात, साधे घातले तर प्लेट मध्यावर बसत नाही आणि गाडी थरथरते.

*पेट्रोल पंप ओढत नाही.* स्मॉल ब्लॉक (शेव्रोलेच्या लहान व्ही-८) इंजिनाच्या समोर उजवीकडे एक तीन सुती भोक आहे, ते थेट पंपाच्या पुशरॉडपर्यंत, म्हणजे पंप चालवणाऱ्या दांड्यापर्यंत जातं. पंप बसवताना लांब बोल्ट घालून रॉड वर धरून ठेवायची युक्ती मेकॅनिक वापरतात. तो लांब बोल्ट तसाच राहिला, किंवा कुणी ‘सारखा दिसतो’ म्हणून लांबच घातला, की रॉड अडकतो. तिथे मूळचा आखूड बोल्टच हवा.

*हेडच्या बोल्टापाशी पाणी.* याच इंजिनात हेडच्या बोल्टांची भोकं पाण्याच्या जागेत उघडतात. आट्यांना सीलर न लावता बोल्ट बसवला तर पाणी आट्यांतून वर चढतं, आणि लोक गॅस्केटला दोष देतात.

*डाव्या बाजूची चाकं सुटत नाहीत.* ही तक्रार कॅमॅरोची नाही. पण चार्जर किंवा रोडरनर घेतलेल्या माणसाने लक्षात ठेवावं की क्रायस्लरच्या १९७०पर्यंतच्या गाड्यांत डाव्या चाकांना उलटे आटे असायचे, आणि बहुतेक स्टडच्या टोकावर ‘एल’ कोरलेला असतो. वायर ब्रशने टोक साफ करून अक्षर बघा, मगच पाइप लावून जोर करा. स्टड आधीच तुटला असेल आणि गाडी मूळ रूपात ठेवायची असेल तर बदलीही उलट्या आट्यांचाच मागवा, आणि त्याच्यासोबत नटही.